मुक्या जिवाचा घास

कुसाबाईंना घोडीचं अंग वाचता येतं, हे ओझरच्या त्या गल्लीत कुणालाही विचारा. थंडी सरून दिवस मोठे व्हायला लागले की त्यांची वरातीची घोडी गवळण माजावर यायची, आणि ते आधी कुसाबाईंना कळायचं, मग गवळणीला. मग चार-पाच दिवस घराची शिस्तच बदलायची. पलीकडच्या झिपरूच्या घोड्यापासून तिला आडोशाला बांधायचं, कंबरेला कोमट पाण्याचा शेक द्यायचा, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल ठेवायचा, खरारा करताना कुशीला हात लावायचा नाही. वरातीत पुंजाभाऊ, म्हणजे त्यांचे दीर, काठी आडवी धरून शेपटीमागं चालणार. "बाईमाणसाला या दिवसांत कोण समजून घेतं? निदान हिला तरी घेऊ," असं कुसाबाई म्हणायच्या.

म्हणून त्या दुपारी गवळण पाय आपटू लागली, घडीघडी शेपटी उचलून मुतायला बसल्यासारखं करू लागली आणि पुंजाभाऊंच्या दंडाला चावली, तेव्हा कुसाबाईंनी मुकाट्यानं शेकाचं पाणी तापत ठेवलं.

"माजावर आलीय. वेळ झालीच होती तिची."

"लय जोरात आलीय मग," पुंजाभाऊ दंड चोळत म्हणाले. "मी काय हिचा वैरी हाय का?"

"पुरुष हायात ना, तेवढं बास हाय."

सून ज्योत्स्ना आरशांची झूल झटकत हसली. दारात टेम्पो उभा होता. संध्याकाळी इंदिरानगरात वरात होती.

पुंजाभाऊंनी तंग ओढला तशी गवळण गुडघ्यांतून खचली. मानेवर घाम आला होता. "सैल करा, टोचतंय तिला," कुसाबाई म्हणाल्या आणि शेकाचं फडकं पुन्हा पिळून तिच्या पाठीवर टाकायला पुढं झाल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून झिपरूचा घोडा खिंकाळला. चांगला गल्ली दणाणून सोडणारा आवाज. माजावर असली की गवळण त्या आवाजाला दावं तोडायला बघायची. नसली की कान पाडून दात दाखवायची. आज तिनं कानसुद्धा हलवला नाही. मान वळवून आपल्याच कुशीकडं पाहत राहिली.

कुसाबाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

त्यांनी तिच्या पोटाला कान लावला. एरवी तिथं जातं फिरल्यासारखी घरघर असायची. आज कुलूप लावलेल्या देवळासारखं गप्प.

"ज्योत्स्ना, आज लीद कधी काढली?"

"काढलीच नाय. पडलीच नाय ना."

"आन् खाल्लं काय हिनं?"

ज्योत्स्ना झुलीचे आरसे पुसत बसली. मग हळूच म्हणाली, "कीर्तन सुटल्यावर..."

सकाळीच सप्ताहाचं काल्याचं कीर्तन झालं होतं. दिंडीत निशाण घेऊन गवळण पुढं होती, नंतर मांडवाबाहेर बांधलेली. बुवा काय बोलले होते, काय बोलले होते! मुक्या जिवाच्या मुखात घातलेला घास थेट देवाच्या ताटात पडतो, असं म्हणून त्यांनी असा आर्त सूर लावला की पखवाजवाल्यानंही डोळे पुसले. मांडव भरल्या मनानं बाहेर आला, आणि समोर मुका जीव एकच होता. पुऱ्या, बुंदी, भिजवलेले गहू, हरभऱ्याची डाळ. ज्याला जे सापडलं ते.

"एकीला नको म्हणाले तर ती म्हणाली, प्रसादाला नाय म्हनती? आन् आई, तुम्हीच तर..." ज्योत्स्ना थांबली. "पहिल्या पुऱ्या तुम्हीच भरवल्या."

माज नव्हताच. घोडीनं पोट धरलं होतं, आत सगळं अडलं होतं. आणि तासभर त्या तिच्या कंबरेला शेक देत बसल्या होत्या.

पुंजाभाऊ घरातून तेलाची बाटली घेऊन आले. "सोडा घालून पाजतो. आमचे आबा असंच करायचे."

कुसाबाईंनी फोन आधीच कानाला लावला होता. जनावरांच्या डॉक्टर मॅडम निघतेच म्हणाल्या. तोवर चालवत ठेवा, लोळू देऊ नका, आणि तोंडातून काहीही ओतू नका, फुप्फुसात जाईल.

"बाटली ठेवा, भाऊजी."

"अहो, मरंल ती!"

"म्हनूनच ठेवा."

फोन ठेवला तसा नवरदेवाच्या मामांचा आला. "मावशी, टेम्पो निघाला का? ड्रायव्हर म्हणतोय, घोडी माजावर आलीय. असली तरी चालेल, आम्ही घेऊ सांभाळून."

"माजावर असती तर आणली असती, दादा. पोट धरलंय हिनं. घोडा पाठवते दुसरा."

दुसरा घोडा म्हणजे झिपरूचा, आणि झिपरूशी त्या दोन लग्नसराया बोलत नव्हत्या, कारण तो त्यांच्या वराती पळवायचा. कुसाबाई भिंतीशी गेल्या. "झिपरू, माझी वरात घेऊन जा. ज्योत्स्ना झूल देतीय."

"तुमची झूल? माझ्या घोड्याला?"

"शोभंल त्याला. जा लवकर."

मग चालणं सुरू झालं. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. गवळण दर वळणावर बसायला बघायची, पुंजाभाऊ दावं ओढायचे, कुसाबाई खांदा लावायच्या. डॉक्टर मॅडमनी येऊन नाकातून नळी घातली, औषध सोडलं, मानेत सुई दिली. "आता आतडं हललं पाहिजे. नाही हललं तर पीळ पडलाय समजायचं." पुंजाभाऊंनी दावं पुन्हा हातात घेतलं.

गल्लीच्या टोकाला सप्ताहाचा मांडव उतरवणं चाललं होतं. तिथून एक बाई द्रोण घेऊन लगबगीनं आली. "कुसाताई, बुंदी उरलीय, घास द्या की हिला."

कुसाबाईंनी हात आडवा धरला. "नको बाई. आज हिची एकादशी हाय."

बाई फुरंगटून परतली. उभ्या जन्मात कुसाबाईंनी प्रसाद परत धाडला नव्हता. त्यांनी पुन्हा गवळणीला खांदा लावला. ओठांवर अभंग आणायला गेल्या, तर एकही ओळ सापडेना. नुसतं 'चल बाई, चल माझी गवळण' एवढंच येत होतं. नामाला अक्षरांचा सोस नसतो म्हणतात. तेच नाम धरून त्या चालल्या.

सावल्या लांबल्या तेव्हा गवळण अचानक थबकली. पाठ कमानली, शेपटी उचलली.

"मागं सरा, वहिनी, लाथ मारंल."

त्या सरल्या नाहीत. आधी मोठा वारा सरला, इतका की मांडववाल्यांनी वळून पाहिलं. मग सुक्या, घट्ट गोळ्या पडल्या. थोड्या वेळानं आणखी, ओलसर. डॉक्टर मॅडमनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं.

"हलतंय. रात्रभर लक्ष ठेवा. आत्ता थोडं पाणी, खायला काहीच नाही."

कुसाबाई रस्त्यातच खाली बसल्या. पुंजाभाऊंनी बादली पुढं केली आणि गवळणीनं ओठ बुडवले.

"पुढच्या सप्ताहाला हिला लांब बांधू," पुंजाभाऊ म्हणाले.

"बांधू."

"मग हिला कीर्तन कसं ऐकू यायचं?"

"मी ऐकीन," कुसाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "आन् घरी येऊन सांगीन तिला."