पडद्यावर एकतीस, कपाटात चौदा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी खोटारडा नाही. ही दुसरी गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती, कारण शिरड शहापुरात माझ्याबद्दल उलटंच बोललं जातं.

मला कळायला लागलं तेव्हा मी नांदेडच्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये होतो. तिथल्या पोरांनी माझी बटणं इतकी बडवली की त्यांवरची अक्षरं उडून पोरांच्या बोटांना चिकटली. परीक्षेत ती पोरं बोटं बघून स्पेलिंग लिहीत. पुढे २००८ साली विजयकुमारने मला पोत्यात गुंडाळून शिरड शहापूरला आणलं. मेडिकल दुकानातली नोकरी सोडून तो इंटरनेटवरच्या एका वेबसाईटवर दुकान मांडून घरची हळद विकणार होता. गावाने मला कुंकू लावलं, हार घातला. त्या उन्हाळ्यात मी असा तापायचो की शेजारची भागूबाई माझ्या पाठीवर पापड भाजून न्यायची. खोटं वाटत असेल तर माझ्या माउसला विचारा.

माझं काम सोपं होतं. किती पाकिटं भरली ते विजयकुमारने मला सांगायचं. एक विकलं की मी एक वजा करायचो. दहा उरली की पडद्यावर लाल पट्टी दाखवायचो. मग त्याने हळकुंडं वसमतच्या गिरणीत दळून आणायची, पाकिटं भरायची आणि कपाट पुन्हा भरायचं. यात चुकायला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा!

जागा होती. तिचं नाव द्वारकाबाई, विजयकुमारची आई.

घरी आलेला माणूस रिकाम्या हाताने पाठवायचा नाही, ही तिची रीत. कोणी निरोप सांगायला आलं, दे हळदीचं पाकीट वानोळा म्हणून. कोणी पत्ता चुकून आलं, त्यालाही दे. एकदा विजेचं बिल द्यायला आलेला माणूस दोन पाकिटं घेऊन गेला आणि बिल द्यायचंच विसरला. यातलं मला कोणी एका शब्दाने सांगितलं असेल तर शपथ! हळद कमी पडून दोन ऑर्डरी बुडाल्या, आणि शिव्या मला.

वैशाखातली गोष्ट. सकाळपासून वीज नव्हती. दुपार कलताना ती आली, मी डोळे उघडले, तर समोर पुण्याच्या एका लग्नघराची ऑर्डर. पंचवीस पाकिटं! माझ्याकडे एकतीस होती. मी छाती फुगवून 'होय' म्हणालो. विजयकुमारने कपाट उघडलं.

"माय! मशीन एकतीस म्हणून राहिली, इथं चौदाच हायेत!"

"मग मशीनलाच इचार की. मला काहून इचारतोस?"

"तू कोणाला देलीस का?"

"देलेलं बोलून दाखवायचं नसतं, बाबा. बोललं की पुण्य उतरतं."

सून मंजुषा चुलीपुढून उठून आली. "आत्याबाई, पुण्य राहू द्या तुमच्याजवळ. निस्ता आकडा सांगा."

"आकडा सांगितला म्हंजे देलेलं मोजल्यावानीच झालं की!"

विजयकुमारने ती चौदा पुन्हा मोजली. "तिसऱ्यांदा न्हाई म्हणलो तर वेबसाईटवाले दुकानच बंद करतील, माय. गिरणीत लगीनसराईची रांग. चार दिवस नंबर न्हाई. अन् पार्सल उद्या सकाळी प्रेमसिंगच्या जीपनं नांदेडला गेलं पायजे."

पोराचा चेहरा बघून द्वारकाबाई उंबऱ्यावर टेकली. मग हळूच म्हणाली, "देलेलं परत मागू? त्यापेक्षा तोंड काळं करीन."

"परत नका मागू, आत्याबाई," मंजुषा म्हणाली. "उसनी मागा. नवी दळून आली की फेडू."

"उसन्याला कसली लाज!" म्हणत म्हातारी उठलीच. पण दिवेलागणीनंतर हळद कोणी देत नाही, आणि ऊन तर उतरत चाललेलं. पुढे काय झालं ते मला दारातून दिसलं तेवढं सांगतो. म्हातारी अशी धावली की तिच्या मागे उडालेला फुफाटा दोन दिवस खाली बसला नाही.

ती ओच्यात दहा पाकिटं घेऊन परतली. लग्नकार्यासाठी बायांनी पाकिटं न फोडता राखून ठेवली होती. पण एक कमी पडत होतं. तेवढ्यात भागूबाई शेवटचं पाकीट नाचवत आली.

"घ्या द्वारकाबाई, तुमचीच हळद तुमाला उसनी! हे माझ्या बहिणीनं पुसेगावहून धाडलं. तिला तिच्या नणंदेनं देलं, नणंदेला वारंगा फाट्याच्या जावेनं. अन् जावेला कोणी देलं, सांगू का?"

"नको सांगू, माय!" द्वारकाबाईने कानांवर हात ठेवले.

इतकं तर माझं इंटरनेटही फिरलं नव्हतं. तिकडे दिवे लागत होते आणि इकडे पंचवीस पाकिटांचं खोकं बांधून तयार होतं. दुकान वाचलं.

आठवड्याने नवी हळद आली. विजयकुमार मला आकडा सांगायला बसला, तोच द्वारकाबाईने त्याचा हात धरला.

"थांब. आधी माझं."

तिने दोन्ही हातांनी एक ढीग बाजूला ओढला. उसनं फेडायचं आणि पुढे द्यायचं, सगळं त्यातच. तो तिने मोजला नाही, कोणाला मोजू दिला नाही. मग म्हणाली, "आता उरलेलं सांग तुज्या मशीनला."

त्या दिवसापासून कपाट आणि मी कधी भांडलो नाही. पुढे नवा संगणक आला आणि मला माळ्यावर चढवलं. इथे उंदीर माझी वायर कुरतडतात, तेही मला न विचारता. पण मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरी द्यायची रीत असेल तर ती मोडू नका. द्यायचं ते आधी बाजूला काढा, ते मोजूही नका. पण यंत्राला जे सांगाल ते कपाट उघडून, डोळ्यांनी बघून सांगा. एवढं करूनही आकडा चुकला, तर मला खुशाल भंगारवाल्याच्या गाड्यावर टाका. मी हूं की चूं करणार नाही.