घरात एकाचा धाक

कुंदाताई गेल्या त्याला महिना होत आला, तरी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत त्यांचंच चालत होतं. जिन्यात पाऊल वाजलं की त्यांच्या मुलीच्या, वसुधाच्या तोंडून अजून त्यांचाच आवाज निघे, "आले हं भाऊ. गप्प."

त्या संध्याकाळीही निघाला. तिची पाच वर्षांची लेक उत्तरा फरशीवर लोळून हसत होती, ती झटकन उठून बसली. वसुधाच चरकली. लहानपणी तीही अशीच पुस्तक उघडून बसायची.

भाऊ मात्र आत येईनात. तिनं दार उघडलं. वडील भाजीची पिशवी घेऊन जिन्यातच उभे.

"भाऊ, बाहेर काय करताय?"

"काही नाही. हसणं चाललं होतं ना. संपू दे म्हटलं."

"रोज थांबता असे?"

"कंपनीतून यायचो तेव्हापासनं. तुझी आई म्हणायची, घरात एकाचा धाक हवा, माझा कुणी धरत नाही." ते किंचित हसले. "मी आत आलो की तू चिडीचूप. म्हणून जरा बाहेरच ऐकायचो."

वसुधाला आईचा राग आला, आणि आईच नाही, तेव्हा तो कुणावर काढावा कळेना.

सोमवारी तिची शाळा सुरू होत होती. ती शिकवायला गेली की उत्तराला आई सांभाळायची. आता भाऊंनी सांभाळलं नाही, तर नोकरी सोडणंच आलं.

"सोमवारपासून हिला तुमच्याकडे ठेवते."

"मला नाही जमायचं गं. तुला उचललं की तुझी आई लगेच स्वयंपाकघरातून म्हणायची, द्या इकडे."

"बसून तर बघा."

भाऊ नातीसमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "साताचा पाढा म्हण."

उत्तरानं वसुधाकडे पाहिलं. 'विचारतायत ना? म्हण मुकाट्यानं.' कुंदाताईंचे शब्द वसुधाच्या ओठांशी आले. तिनं दात आवळले.

"मला नाही येत," उत्तरा म्हणाली. "तुम्हाला येतो?"

भाऊ म्हणू लागले. सात त्रिकला उत्तरा त्यांच्या गुडघ्यावर रेलली. त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तसाच थांबला. मान वळवून ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

वसुधा उठली. जाऊन तिनं ते दार लोटून घेतलं. तरी भाऊंचा हात लगेच टेकला नाही.