जावयाने हरणांसाठी पेरलेले सलगम

"ज्या माणसाला स्वतःच्या ताटातला घेवडा काट्याने बाजूला सारावा लागतो, त्याने हरणांना काय आवडतं हे आम्हाला शिकवू नये," असं आर्डिस टॉलेफ्सरूड भेटेल त्याला सांगत असे. चर्चमध्ये सांगून झालं होतं, टपाल कचेरीत सांगून झालं होतं, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरलाही, त्याने 'तोंड उघडा' म्हटल्याबरोबर.

हा माणूस म्हणजे तिचा जावई क्रेग. राहणारा शेजारच्या इलिनॉय राज्याचा. विस्कॉन्सिनच्या त्या दरीत एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नसे, नुसते कीव आल्यासारखी मान हलवत. तसा पोरगा वाईट नव्हता. दारूला हात लावत नव्हता, भांडी घासत होता, तिच्या लेकीला, सोलवेगला, फुलासारखी ठेवत होता. पण आर्डिसचा नवरा एल्विन गेला आणि डोंगरावरच्या रानजमिनीकडे बघायला घरात पुरुष उरला नाही, असं या क्रेगला आपलं आपणच वाटलं. आर्डिस त्या जमिनीकडे लग्न होऊन आल्यापासून बघत होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तो फोनवर व्हिडिओ बघत बसायचा. टोप्या घातलेली, दाढीवाली माणसं, सगळी शेतात उभी राहून हरणांच्या जेवणावर बोलणारी. मग एका रविवारी त्याने कुरणातली माती पिशवीत भरली आणि तपासायला धाडली.

"मॉम, माती आंबट झालीय," तो उत्तर आल्यावर आर्डिसला म्हणाला.

"चाखून बघितलीस?"

"प्रयोगशाळेने सांगितलं. चुना घालावा लागेल."

"याच मातीत माझ्या सासूने बटाटे काढले आणि नऊ पोरं पोसली. तिला कोणी आंबट म्हटलं नाही. म्हणजे मातीला."

चुना आला. ट्रॅक्टर फिरला. खालच्या पट्ट्यात तिपानी क्लोव्हर गवत उगवलं, वरच्या कुरणात सलगम. आणि सलगम काय आले म्हणता! जांभळ्या खांद्यांचे, वीतभर पाल्याचे, ओळीने बसलेल्या गुबगुबीत पोरांसारखे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुरण दिसायचं. आर्डिस भांडी विसळता विसळता बघत राहायची. असलं सोन्यासारखं पीक, आणि खाणार कोण, तर हरणं.

तेही तिने सोसलं असतं. पण क्रेगने कुरणाच्या कडेला खांबांवर एक खोकं उभारलं. काचेच्या खिडक्या, खाली गालिचा, हीटर, गोल फिरणारी खुर्ची. शिकारीचं मचाण म्हणायचं ते. आणि त्यामागच्या रानाच्या कडेने झाडाझाडावर पाट्या ठोकल्या: 'हरणांचं विश्रांतिस्थान. आत येऊ नये.'

आर्डिसच्या ओकच्या झाडाकडे जायची वाट त्याच रानातून होती. ओकवरचं मचाण एल्विनने लग्नाच्या वर्षी बांधलेलं, चार फळ्या आणि एक टेकायची काठी. शिकारीचा मोसम सुरू झाला की पहिल्या सकाळी ती बंदूक घेऊन तिथे असायची. सोलवेग पोटात होती तेव्हाही होती.

"हे कोणासाठी लिहिलंयस?" तिने पाटीवर बोट ठेवून विचारलं.

"सगळ्यांसाठी. माणूस गेला की वास राहतो, मॉम. हरणांना वास येतो."

"माझा वास येतो?"

"तुमचा म्हणजे वाईट वास नाही! माणसाचा वास. तुम्ही ओककडे जाता ना, तेव्हा सगळी हरणं उठून जातात. ते मचाण आता काढूनच टाकू. तुमच्यासाठीच तर खोकं बांधलं. चढायला जिना आहे, गुडघ्यांना बरं."

सोलवेग मध्ये पडली नसती तर त्याच दिवशी गुडघ्यांचा उपयोग त्याला कळला असता. शेवटी जेवणाच्या टेबलावर तह झाला. मोसमाच्या पहिल्या सकाळी दोघांनी खोक्यात बसायचं. हरणं सलगमांवर आली, तर आर्डिसने मरेपर्यंत खोक्यात बसायचं आणि ओकवरचं मचाण उतरवायचं. नाही आली, तर पाट्या निघतील आणि तिने आपल्या जमिनीत कुठे पाय टाकायचा हे पुन्हा कोणी सांगायचं नाही. सोलवेग साक्षीदार.

अख्खा ऑक्टोबर हरणांनी सलगमांकडे ढुंकून पाहिलं नाही. यायची, कुरणातून जायची, परक्याच्या अंगणातून जावं तशी अंग चोरून, आणि थेट ओकखाली पडलेली फळं खायला. क्रेग दर शनिवारी येऊन ओळींमध्ये उकिडवा बसायचा आणि एखादं पान तरी कुरतडलेलं सापडतं का बघायचा.

"गारठा पडू दे, मॉम. कडक गारठ्याने सलगमात गोडी उतरते. मग बघा."

"हे तुला दाढीवाल्याने सांगितलं?"

"हो."

"मग हरणांनाही फोन घेऊन दे."

गारठा काही पडेना. नोव्हेंबर लागला तरी लोक बिनकोटाचे फिरत होते. अशातच ऑर्फाचा फोन आला. ऑर्फा म्हणजे चर्चच्या मासळीच्या जेवणाची मुकादम. दरीतल्या नॉर्वेजियन घरांचं हे जेवण वर्षातून एकदा: क्षाराच्या पाण्यात भिजवून लिबलिबीत केलेली मासळी, बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि लोणी घातलेलं सलगमचं भरीत.

"आर्डिस, घात झाला गं. माझ्या बागेतल्या सगळ्या सलगमांना कीड लागलीय. शनिवारी भरीत नाही म्हणजे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ऑर्फाला कीड लागली."

"थट्टा सुचतेय तुला! तुझ्याकडे आहेत का?"

आर्डिसने खिडकीतून पाहिलं. क्रेग इलिनॉयला होता. हरणं शिवत नव्हती. सलगम तसेच जमिनीत सडणार होते. देवाच्या घरच्या जेवणाला नाही म्हणायचं आणि कुजायला ठेवायचं, हे तिच्या बुद्धीला पटेना. ती एवढंच म्हणाली, "तुझा टेम्पो घेऊन ये."

दोघी म्हाताऱ्यांनी कुरण उपटलं. कडेची एक ओळ तेवढी राहिली, तीही ऑर्फाची कंबर धरली म्हणून. चर्चच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायांनी सोललं, चिरलं, आणि मग कळलं की एवढे सलगम खायला तालुका बोलवावा लागेल. उरलेले अर्धेअधिक, पाला आणि सालं धरून, चर्चच्या मागच्या उतारावर टाकून दिले. भरीत मात्र उत्तम झालं, पाळकबुवांनी तीनदा घेतलं.

पुढच्याच आठवड्यात गारठा पडला. असा, की सकाळी कुरणाची पांढरी चादर झाली.

मोसमाच्या आदल्या दिवशी क्रेग आला, गाडी थेट कुरणाशी नेली, आणि बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा त्या चादरीसारखाच झाला होता.

"सलगम कुठे गेले?"

"चर्चला."

"सगळे?"

"एक ओळ आहे. हरणं खात नव्हती, माणसांनी खाल्ले. कांगावा कशाला?"

"मी म्हटलं होतं गारठा पडू दे! आता पडला, आणि आता…" तो खाली बसला. "तुम्ही जिंकायला काढलेत, मॉम. लबाडी केलीत."

सोलवेग म्हणाली, "क्रेग!" पण तो बोलून बसला होता.

आर्डिस बटाटे सोलत राहिली, आणि सोलता सोलता अख्खा बटाटा सालात गेला. हट्टी, तोंडाळ, खडूस, सगळं तिला लोक म्हणत आले होते आणि तिने ते मानाने मिरवलं होतं. लबाड कोणी म्हटलं नव्हतं.

सकाळी उजाडायच्या आधी दोघं शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं घालून खोक्यात जाऊन बसले. एकमेकांशी बोलायचं नाही असं दोघांनीही ठरवलं होतं. क्रेगला ते जमलं असतं तर तो क्रेग कसला.

"मॉम, हीटर वाढवू?"

"बोलू नकोस."

"कुजबुजतोय मी."

"तुझी कुजबुज पलीकडच्या दरीत जाते."

थोडा वेळ बरा गेला. मग त्याची फिरती खुर्ची कुरकुरली. मग त्याने चिप्सची पिशवी उघडायला घेतली, आवाज होऊ नये म्हणून इतकी सावकाश, की तो आवाज संपता संपेना. आर्डिस समोर बघत राहिली. गुडघे ऊब लागून सैल पडले होते, पाठीला टेका होता, पायांखाली गालिचा. अशी बैठक तिला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि हे कबूल करण्यापेक्षा तिने खिडकीतून उडी मारली असती.

सूर्य वर आला. राहिलेल्या ओळीवर एक खार आली, एक पान हुंगलं आणि गेली. दुसरं कोणी नाही. लांब कुठेतरी बंदुकांचे बार होत होते. ती जिंकत होती, आणि जिंकल्याचा आनंद शोधूनही सापडत नव्हता. बाजूला क्रेग गप्प बसला होता, खरोखरचा गप्प, आणि ते तर चिप्सपेक्षाही असह्य होतं.

तेवढ्यात त्याचा फोन गुरगुरला. सोलवेग चर्चमध्ये होती. शिकारीची पहिली फेरी आटपून येणाऱ्यांना तिथे बाया पॅनकेक खाऊ घालतात.

"तुम्ही दोघं कुठे आहात?" तिचा आवाज आर्डिसलाही ऐकू येत होता. "इकडे या ताबडतोब. हरणं इथे आहेत."

"इथे म्हणजे?"

"चर्चच्या मागे! सलगम खातायत! दरीतलं एकही हरीण बाहेर राहिलं नसेल!"

क्रेगने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने क्रेगकडे पाहिलं नाही. ती जिना उतरू लागली, आणि गुडघे दुखत नसल्याचा तिला फार राग आला.

चर्चच्या मागच्या खिडक्यांना नारिंगी जाकिटं चिकटून उभी होती. हातात ताटल्या, आणि पॅनकेकवरून पाक मनगटांवर ओघळतोय. बंदुका गाड्यांत पडलेल्या, आणि गाड्यांत नसत्या तरी चर्चच्या दारात बार काढायची कोणाची हिंमत! बाहेर उतारावर हरणं निवांत चरत होती. माद्या, पाडसं, आणि मधोमध शिंगांचा झाडोरा डोक्यावर घेतलेला एक नर. त्याच्या तोंडात अख्खा सलगम होता आणि तो तो कुरुमकुरुम चावत खिडकीतल्या मंडळींकडे बघत होता.

"गोडी उतरली," क्रेग पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "बघा, मॉम, गोडी उतरली."

शिकारखात्याचा वॉर्डनही पॅनकेक खायला आला होता. त्याने ताटली ठेवली आणि तोंड पुसलं. या काउंटीत हरणांसाठी हवं तेवढं पेरा, कोणी विचारणार नाही. पण त्यांच्यापुढे ढीग घातलात तर गुन्हा.

"हा ढीग कोणाचा?" त्याने विचारलं.

ऑर्फा एकदम चहाच्या भांड्यामागे वाकली.

"माझा!" क्रेग छाती काढून पुढे झाला. "सलगम माझे आहेत. मी पेरले. चुना मी घातला. बघितलंत, पाला आधी खातात की कंद? तुम्हाला बियाण्याचं नाव हवंय का?"

"मला दंड कोणाला करायचा ते हवंय."

"माझ्या नावावर लिहा! बेनेडेटो. दोन 'टी'."

"गप रे," आर्डिस म्हणाली. "साहेब, याचं ऐकू नका, हा इलिनॉयचा आहे. सलगम मी उपटले आणि मी इथे टाकले. चर्चच्या जेवणाचे उरलेले."

"पण पेरले मी!"

"पेरल्याबद्दल कोण विचारतंय तुला?"

वॉर्डनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. गुन्हा आपलाच म्हणून भांडणारी माणसं त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच भेटत असावीत. मग त्याने पुन्हा ताटली उचलली. "दुपारपर्यंत सगळा ढीग उचला, एक साल राहता कामा नये. आणि पुन्हा टाकलेत तर चर्चवरच दंड लावेन." ऑर्फा भांड्यामागून वर आली.

खिडकीतली जाकिटं हसू लागली. कोणीतरी म्हणालं, "आर्डिस, यंदा पैज कोणाची?" दरीत तहाची बातमी पोचायची राहिली नव्हतीच. सोलवेग हातात उलथनं घेऊन नुसती बघत होती. साक्षीदार तीच होती, पण तिला कोणी विचारणार नाही हे तिला ठाऊक होतं.

क्रेग हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर कुरणात हरीण आलं नाही, मॉम. तुम्ही जिंकलात. मी पाट्या काढतो."

आर्डिसने अंगावरचं जाकीट नीट ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण त्याच्याकडेच बघत बोलायला सुरुवात केली.

"उपकार करू नकोस माझ्यावर. हरणं तुझ्या सलगमांवर आली. कुरणात यायची ती इथे आली, कारण मी तुझं ऐकलं नाही. लबाडी नव्हती ती, मूर्खपणा होता. तो माझा, आणि मी तो दुसऱ्या कोणाला देणार नाही. पैज हरले. उद्या चर्च सुटलं की खोक्यात मी जाऊन बसेन, आणि हीटर कसा लावायचा ते जाताना दाखव. पण ओकवरचं मचाण उतरवायचं नाही. तिथे तू बसायचंस. तू शेतकरी चांगला आहेस क्रेग, शिकारी मात्र भिकार आहेस, कारण तुला गप्प बसता येत नाही. तिथे खुर्ची नाही, ऊब नाही, आणि तुझं ऐकायला कोणी नाही. दोन वर्षं बसलास की माणसात येशील. आता फावडं घे."