तिसरी कुंची

तारामतीच्या घरात दोन सुना, आणि दोघींत तसूभर दुजाभाव नाही, हे सगळ्या गावाला पाठ होतं. थोरल्या त्रिशलाला इरकल आलं की धाकट्या रूपालीलाही त्याच काठाचं यायचं. दुरडीत शेवटची भाकरी उरली तर ती बरोबर मधोमध मोडायची. निपाणीहून चिकोडीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. तिथल्या सुना आपापल्या सासवांना टोमणा मारायच्या तो असा, "जरा तारामतीकाकूंच्या उंबऱ्याला कपाळ टेकून या की, आत्ती!"

त्या वर्षी दैवानंही तारामतीचाच कित्ता गिरवला. दोघींना एकदमच दिवस गेले.

रूपालीचं पहिलंच होतं. त्रिशलाचं दुसरं. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच आलं होतं, ओंजळीत मावेल एवढं, आणि नाव ठेवायच्या आत गेलं. त्याच्यासाठी तारामतीनं शिवलेली कुंची ट्रंकेत तळाशी होती, झालरीची घडीसुद्धा न मोडलेली. "असं का झालं?" हे त्रिशलानं त्या वेळी ज्याला त्याला विचारलं होतं. एकजण म्हणाला, घागर उचलली असशील. दुसरी म्हणाली, पपई खाल्लीस. कुणी दृष्ट म्हणालं, कुणी कर्म म्हणालं. प्रत्येकाकडं उत्तर तयार होतं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

आणि आता पोटात पुन्हा हालचाल सुरू झाली होती. सातवा महिना पुढं उभा होता, वाट अडवून बसलेल्या बैलासारखा.

अशात एके दिवशी गावची आशा-सेविका जयाबाई एका डॉक्टरीणबाईंना घेऊन दारात आली. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉ. गिरिजा हंपण्णावर. कानडी वळणाचं मराठी, पायात साध्या चपला, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय.

"दिवस भरायच्या आधी बाळं येतात ना, ती पोटात थांबावीत म्हणून एक औषध आहे," त्या म्हणाल्या. "ते खरंच उपयोगी पडतं का, ते आम्ही शोधतोय. निम्म्या बायकांना औषध, निम्म्यांना नुसती भुकटी. दिसायला दोन्ही कॅप्सूल एकसारख्या. यायचं तर या, नको तर नको. तपासणी दोन्हीकडं सारखीच होणार."

"मग मला कुठली मिळणार?" त्रिशलानं विचारलं.

"मला ठाऊक नाही."

"तुमच्या मोठ्या डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. मुद्दामच तसं ठेवलंय."

जयाबाईला हसू आवरेना. "बघा की! आमच्या मालकांना काय बी ठाऊक नसलं तरी सगळं ठाऊक हाय म्हणत्यात. आन् ह्या एवढ्या शिकल्याल्या बाई म्हणत्यात, ठाऊक न्हाय!"

डॉक्टरही हसल्या. "ठाऊक असलं की डोळे फितूर होतात, जयाबाई. जिला औषध दिलं तिचं बाळ आम्हाला उगीचच बाळसेदार दिसायला लागतं."

त्रिशला हसली नाही. जिनमंदिरात गाभाऱ्यासमोर गेलं की आवाज आपोआप खाली येतो, तसं तिचं झालं. आजवर कुणी तिला असं सांगितलंच नव्हतं. ठाऊक नाही, पण शोधतोय. तिच्या त्या ओंजळभर बाळाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता.

दोघी जावांनी नावं दिली. दोन डब्या आल्या, दोन्हींवर नावाची चिठ्ठी.

पण कॅप्सूल बघताच तारामतीचं कपाळ आठ्यांनी भरलं. "ह्याचं वरचं टरफल जनावराच्या हाडाचं असतंय. चातुर्मासात महाराजांनी प्रवचनात सांगितलंय. माझ्या घरात हे तोंडात जाणार न्हाय."

"मग काय टाकून द्यायचं, आत्ती?"

"टाकायचं कशाला? आतलं औषध घ्यायचं, टरफल टाकायचं."

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची घराची रीत. त्या जेवणाआधी तारामती सोप्यात दोन वाट्या घेऊन बसली आणि कॅप्सूल उघडू लागली. रूपालीची भुकटी बोटाला लागली ती तिनं सहज चाटली. कडू किराईत! तोंड वाकडं झालं. मग त्रिशलाचीही चाखून बघितली. तिला काही चवच नव्हती. तांदळाच्या पिठागत.

तारामतीचा हात तिथंच थांबला. औषध कडूच असतं, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? जिचं पहिलं बाळ धडधाकट वाढत होतं तिला औषध आलं होतं, आणि जिची ओटी एकदा रिकामी झाली होती तिच्या वाट्याला पीठ.

ती जन्मभर जे करत आली तेच तिनं केलं. दोन्ही भुकट्या एका वाटीत ओतल्या, बोटानं नीट कालवल्या, आणि चमच्यानं दोन सारखे भाग केले. "एकीला औषध आन् एकीला पीठ, हे माझ्या घरात जमणार न्हाय. दोघी अर्धं अर्धं घ्या."

"घे बाई आक्का," रूपाली केळ्याच्या फोडीत आपला भाग दाबत म्हणाली. "एवढा कडूपणा मला एकटीला कुठला सोसतोय? निम्मा तू सोस."

त्रिशलानं मान खाली घालून गिळलं. हे बरोबर नाही, हे तिला आतून कळत होतं. पण रोज संध्याकाळी जिभेला तो कडवटपणा लागला की तिला वाटायचं, पोटातल्या जिवाला आज आणखी एक टेकू लागला. टेकू कोण काढून घेईल?

सातवा महिना तोंडावर आला तशी सोनोग्राफीसाठी तिला बेळगावला बोलावलं. सोबत तारामती होतीच, पिशवीत घरचं पाणी आणि चिरमुऱ्यांचा डबा घेऊन.

डॉक्टरांची खोली लांबलचक वऱ्हांड्याच्या टोकाला होती. तिथवर जाताना त्रिशलाची पावलं मंदावली. एका दाराशी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा माणूस गाल फुगवून नळीत फुंकत होता आणि फुप्फुसाचा डॉक्टर त्याला तालमीतल्या वस्तादासारखा ओरडत होता, "आणखी! आणखी! सोडायचं न्हाय!" पुढच्या खोलीत साखरेच्या दुखण्यानं पाय चिघळलेले म्हातारे ओळीनं बसले होते. कुणाला एक मलमपट्टी, कुणाला दुसरी, कुठलीनं जखम लवकर भरते ते बघायचं होतं. त्यापुढं डोळ्यांचे डॉक्टर, मग हृदयाचे. आईच्या खांद्यावर झोपलेल्या तान्ह्याच्या छातीवर यंत्र ठेवून एक तरुण डॉक्टर असा कान लावून बसला होता, जणू लांब कुठंतरी कीर्तन चाललंय आणि शब्द निसटता कामा नये.

"या सगळ्या दारांआड काय चालतंय?" तिनं घ्यायला आलेल्या डॉ. गिरिजांना विचारलं.

"प्रत्येक दाराआड एक प्रश्न आहे. ज्याचं उत्तर अजून कुणाकडंच नाही असा."

त्रिशलानं मागं वळून पाहिलं. एवढी थोरली इमारत, एवढी शिकलेली माणसं, आणि पाया कशाचा, तर 'ठाऊक नाही'चा!

डॉक्टर आत गेल्या आणि त्रिशला बाकावर टेकली. शेजारी एक काटक, उन्हानं रापलेली पोटुशी बाई बसली होती. जांबोटीकडची, वैजू नाव. पदराच्या गाठीत तिनं तसलीच डबी बांधली होती.

"लांबनं आलीस गं?" तारामतीनं चिरमुरे पुढं केले.

"व्हय. आमच्याकडं एस्टी कधी असती, कधी नसती. रानातनं चालत आले मोठ्या रस्त्यापतोर." वैजूनं मूठभर चिरमुरे घेतले. "पण एक बी गोळी चुकवली न्हाय. म्हशीमागं रानात गेले तरी डबी संगट."

"एवढं कशाला?" त्रिशलाच्या तोंडून गेलं. "पीठ असलं तर त्यात?"

वैजूनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "असंना का पीठ. पीठ खाणाऱ्या बी लागत्यातच की. बाईंनी सांगितलंय, एकीवरनं कळत न्हाय, सगळ्यांचं मिळून कळतंय. माझ्या नणंदेचं लेकरू आधीच आलं आन् गेलं. आता मी हिकडं लबाडी केली, तर कुणाच्या तरी लेकराचं चुकायचं न्हाय का?"

त्रिशलाच्या हातातले चिरमुरे हातातच राहिले.

आता बोललं तर वाटी बंद होणार. पोटातल्या जिवाचा टेकू जाणार आणि उरणार नुसतं पीठ, तेही नेमकं सातव्या महिन्याच्या तोंडावर. नाही बोललं, तर ही बाई रानावनातून चालत आणतेय त्या खऱ्यात आपलं खोटं कालवलं जाणार, दोन भुकट्या वाटीत कालवाव्यात तसं. मग पुन्हा कुठल्यातरी त्रिशलाला कुणी सांगेल, पपई खाल्लीस.

आत पडद्यावर बाळ दिसलं. काळ्या-पांढऱ्या धुक्यात मुठीएवढी छाती, आणि तिच्यात काहीतरी एकसारखं लुकलुकत होतं. त्या लुकलुकण्याकडं बघत बघतच ती म्हणाली, "बाई, आमच्या घरात औषध वाटून घेत्यात."

डॉक्टरांचा हात थांबला.

"तिचा दोष न्हाय," तारामती पुढं सरसावली. "मीच दोघींचं एकत्र करते. माझ्या घरात दुजाभाव चालत न्हाय. कॅप्सूल उघडल्यावर चवीवरनं कळलं मला, हिची ती—"

"थांबा!" डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कान गच्च झाकले. हाताला सोनोग्राफीचं जेल होतं, ते केसांत गेलं. "नका सांगू! अय्यो, अव्वा, चव नका सांगू मला!"

तारामती दोन पावलं मागं सरली. बाई भ्रमिष्ट झाली की काय! जन्मात तिनं असं माणूस पाहिलं नव्हतं. गावात जो तो दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला कान टवकारून बसलेला, आणि इथं हवं ते सगळं उत्तर आयतं दारात आलेलं असताना ही बाई कान झाकून घेत होती. त्रिशला मात्र एकटक बघत राहिली. केसांत जेल माखलेली, डोळे मिटलेली ती डॉक्टरीण तिला त्या घडीला एखाद्या व्रतस्थ आर्यिकेसारखी, जैन साध्वीसारखी दिसली.

हळूहळू डॉक्टरांनी हात काढले. "दोघींना काही त्रास? चक्कर, रक्तस्राव, पोटदुखी?"

"न्हाय."

"बरं. रूपालीला उद्याच पाठवा, तिलाही तपासते. पण उघडलंत कशाला, अव्वा?"

"टरफल हाडाचं असतंय न्हवं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, तिथंही जेल लागलं. "ते झाडापासून केलेलं आहे! इकडं जैन घरं आहेत म्हणून आम्ही मुद्दाम तसलंच मागवलं. आणि सांगायचं तेवढं राहिलं बघा!"

तारामतीनं पदर तोंडाला लावला. "आन् मी रोज वाटीत कालवत बसले!"

"आता माझं नाव काढणार?" त्रिशलानं विचारलं.

"नाही. सुरुवातीला औषध-पीठ ज्या बाजूला पडलीस त्याच बाजूला मोजणार. असं असं झालं हेही वर कळवणार. खऱ्या घरांत औषध असंच घेतलं जातं, मग तेही मोजणीत यायला नको?" डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण आता मिसळायचं नाही. आणि तुला सोडायचं असेल तर आज सोड. मी तशीच बघेन तुला, शेवटपर्यंत."

"बाई, त्या औषधानं खरंच बाळ थांबतंय?"

"ते ठाऊक असतं, तर मी सगळ्यांनाच दिलं नसतं का?"

चुकलेल्यांनाही ज्यात जागा आहे, असं हे काय आहे तरी केवढं! त्रिशलानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. ते लुकलुकत होतं.

त्या संध्याकाळी, ऊन कौलांवर असतानाच, तिनं आपली कॅप्सूल आख्खीच पाण्याबरोबर गिळली. जिभेला काहीच लागलं नाही. रूपाली शेजारी उभी होती. तिचे डोळे भरले. "आक्का, मी सोडू का गं माझी?"

"वेडी हाईस काय? घे मुकाट्यानं."

मग दिवस आले तसे गेले. सातवा महिना लागला तेव्हा त्रिशला पाऊलसुद्धा जपून टाकायची, जणू कुणाला जागं करायचं नाही. ज्या आठवड्यात पहिलं गेलं होतं तो आठवडा आला, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तारामती मंदिरातून आली की न बोलता तिच्या पोटावर हात ठेवून बसायची. आठवडा सरला. मग महिना सरला. पोट खाली उतरलं, आणि दिवस पुरे भरल्यावर त्रिशलाला निपाणीच्या दवाखान्यातच मुलगी झाली. ती मुलगी अशी काही रडली की बाहेर बसलेल्या सन्मतीनं, तिच्या बापानं, खुर्ची सोडून भिंत धरली. रूपालीला चारच दिवस आधी मुलगा झाला होता, तोही ठणठणीत.

डॉ. गिरिजा बाळांना बघायला घरी आल्या, तेव्हा दोन पाळणे सोप्यात शेजारी शेजारी होते.

"बाई," त्रिशलानं विचारलं, "हे त्या थोड्या दिवसांच्या कडू औषधानं झालं, का पिठानं, का आपलं आपणच?"

डॉक्टरांनी मुलीची मूठ आपल्या बोटाभोवती मिटू दिली. "ठाऊक नाही. एकट्या तुझ्या लेकीवरून ते कधीच कळायचं नाही. गुंजीची, जांबोटीची, तिकडं लांब लांबच्या गावांतली बाळं, सगळी जमली की मग कळेल. तोवर मीही तुझ्यासारखीच."

त्रिशलाला वाटलं, आपण कधीच न पाहिलेल्या कितीतरी बायका या सोप्यात येऊन बसल्या आहेत. पदराच्या गाठीत डबी बांधलेल्या, औषध की पीठ ते माहीत नसलेल्या, आणि तरी रोज गिळणाऱ्या.

तारामती आतून एक घडी आणि उरलेलं कापड घेऊन आली. एकाच हिरव्या कापडाच्या, एकाच झालरीच्या तीन नव्या कुंच्या. दोन बाळांच्या डोक्यावर चढवल्या, गाठी सारख्या बांधल्या, आणि तिसरी डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"ही जांबोटीच्या वैजूला. मोकळी झाली का ती?"

"अजून व्हायचीय, अव्वा."

"मग बेगीनं पोचवा. तिकडं गारठा लई." ती थांबली. दोन पाळण्यांकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "आन् बाकीच्या? एकूण किती हायत म्हणालात बाया?"

"अव्वा, हजारांनी आहेत!"

तारामतीनं उरलेल्या कापडाचा तुकडा हातात धरून अंदाज घेतला, आणि आतल्या खोलीकडं वळून हाक दिली, "सन्मती, बाजाराला जाशील तवा आणखी कापड आण रे. हेच, हिरवं. एकीला एक आन् दुसरीला दुसरं, असं नको."