हे पद सापडलं नाही

आमच्या यल्लापूरच्या वाचनालयात संगणक एकच आहे, आणि त्याच्यापुढं बसणाऱ्यांचा धीर त्याहून कमी. एक शब्द बघायचा तर आधी शब्दकोशाची साइट उघडा, ती उघडेपर्यंत छताकडं बघा, मग शोधायचा चौकोन हुडका. चार वर्षं हे बघून माझं डोकं फिरलं आणि एका दुपारी मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून खुणा लावून ठेवल्या. वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'पुस्तक' लिहायचं, एक जागा सोडायची, नाव लिहायचं, की थेट आमची पुस्तकांची यादी. 'पद' लिहिलं की कन्नड शब्दकोश. भिंतीवर कागदही चिकटवला. त्यावर खुणा लिहिल्या, पण कुठली खूण कुठं नेते ते लिहिलं नाही. सगळ्यांना कळेलच की, असं मला वाटलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण इथं शहाणी मीच होते.

सोमवारी शंभु भागवत आले. पन्नास वर्षं यक्षगानात गायलेला माणूस, वय शहात्तर. येत्या रविवारी संध्याकाळी देवळात त्यांचं गाणं ठरलं होतं. अभिमन्यू रणात निघतो तेव्हाचं सुभद्रेचं पद त्यांना हवं होतं. पहिली आणि चौथी ओळ पाठ, मधल्या दोन गेल्या. मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. मान वर न करताच मी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. ते एका बोटानं टकटक करत बसले आणि दहा मिनिटांत उठून गेले. दर वेळी माझ्याकडचा धने-जिऱ्याचा काढा, आमचं कषाय, पिऊन जाणारा माणूस त्या दिवशी न पिताच गेला. बसची वेळ झाली असेल म्हणून मी पुन्हा शिक्क्यांकडं वळले.

गुरुवारी त्यांचा मुलगा श्रीपाद आला आणि वडिलांचं वाचनालयाचं कार्ड टेबलावर ठेवलं. अप्पा आता येणार नाहीत, गाणंही सोडलं, रविवारी दुसरा कुणीतरी गाईल, म्हणाला.

"का रे, तब्येत बरी नाही?"

"तब्येत ठणठणीत आहे. पण मी म्हणतच होतो, अप्पा, तुम्ही इकडचं तिकडं जोडता. ऐकत नव्हते. आता संगणकानंच सांगितलं म्हणे, हे पद नाही."

तो गेल्यावर मी संगणकावर सोमवारी काय शोधलं गेलं होतं ते काढून बघितलं. आमच्या कन्नडात शब्दालाही पद म्हणतात आणि गाण्यालाही पद. म्हाताऱ्यानं बरोबर 'पद' लिहिलं होतं, जागा सोडली होती आणि गाण्याची पहिली ओळ घातली होती. शब्दकोश बिचारा खरंच बोलला होता: हे पद सापडलं नाही. गुरूंनी शिकवलेलं गाणं जगात नाहीच, आपल्याच डोक्यानं ते रचलं, असं समजून तो माणूस तीन दिवस घरी बसला होता. मला माझीच लाज वाटली.

मी फोन केला आणि कन्नडातल्या मानाच्या 'रे'नं हाक मारली. "भागवतरे, चूक माझी आहे. उद्या या."

"तुझी कशी, तंगी? वय माझं झालंय." तंगी म्हणजे धाकटी बहीण; ते मला तशीच हाक मारत.

"तुम्ही गाणं मागितलंत आणि मी तुम्हाला शब्दकोशाच्या दारात नेऊन उभं केलं. वैद्याकडं नांगर मागितला तर तो नाहीच म्हणणार ना?"

 मग त्यांनी बसची वेळ विचारली.

ते यायच्या आत मी यक्षगानाच्या जुन्या प्रसंगांच्या, म्हणजे खेळांच्या, पुस्तकांची साइट गाठली आणि तिच्यासाठी 'यक्ष' अशी नवी खूण लावली. शुक्रवारी त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच बोटानं टाइप करायला लावलं. यक्ष, जागा, पहिली ओळ. पिवळ्या पानाचा फोटो आला. त्यांचे ओठ हलू लागले, मांडीवर ताल पडू लागला. दुसरी ओळ, तिसरी. मग हात थांबला.

"चौथी कुठाय?"

खाली पुढचं पद सुरू होत होतं. मी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडं तीनच ओळी. आता हा माणूस उठणार आणि परत कधी येणार नाही, असं मला वाटलं. छापणाऱ्यानं गाळली असेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. चौथी ओळ त्यांनी हळू आवाजात म्हटली: "दार लोटते, कडी न लावते." मग म्हणाले, "गुरूंनी हे मला त्यांच्या पडवीत शिकवलं. त्याच महिन्यात त्यांची मुलगी सासरी गेली होती. पदात तीनच ओळी होत्या म्हणजे. ही त्यांनी घातली."



"तंगी, आता एवढीच ओळ शोध बघू."

मी शोधली. त्यांनी पुढं वाकून पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, "सापडलं नाही," आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

"कसं सापडेल? ते माझ्याकडं आहे."

कषायाचे दोन पेले झाले. टेबलावरचं कार्ड त्यांनी स्वतःच उचलून खिशात घातलं आणि श्रीपादला आत्ताच काही सांगू नकोस, रविवारी मी गाईन तेव्हा पुढं बसून ऐकू दे, असं बजावून बस पकडायला निघाले.