सोमवारची निळी पेटी

मी निळी पेटी बोलतेय. दवाखान्यात खिडकीखाली ठेवलेली असायची ना, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली, तीच. माझ्या भिंती जाडजूड, आतला गारवा धरून ठेवायला. कारखान्यातल्या माझ्या बहिणी आइस्क्रीम वाहायला गेल्या म्हणे. माझ्या नशिबी लोकांची नाकं आली. पण तक्रार नाही. चार घरांत काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि इथे सगळं बसल्या जागी कळतं.

माझं काम सोमवारचं. ताप-खोकला घेऊन जे पहिले येतील, मग ते कुणी का असेनात, त्यांच्या नाकात सिस्टर कापसाची लांब काडी फिरवायच्या. काडी नळीत, नळी माझ्या पोटात बर्फाशेजारी, आणि मोटारसायकलवाले दादा मला प्रयोगशाळेत पोचवायचे. फ्लूचा विषाणू पक्का बहुरूपी. थोडा थोडा चेहरा बदलत राहतो. नवं रूप वेळेत ओळखलं, तर पुढची लस त्याला साजेशी करता येते.

सिस्टर मात्र फार मायाळू, आणि तिथेच घोळ व्हायचा. मूल रडलं की त्या काडी खाली ठेवायच्या. "राहू दे बाई. मागचे काका, तुम्ही या." काका मुकाट मान वर करायचे. माझ्या पोटात सगळी समजूतदार, मोठी नाकं. एकदा प्रयोगशाळेतल्या मॅडमनी फोनवर विचारलंसुद्धा, "तुमच्याकडच्या मुलांना सर्दी होतच नाही वाटतं?" सिस्टर नुसत्या हसल्या.

मग एका सोमवारी एक आत्या भाचीला घेऊन आली. पोरगी तापाने लालबुंद. काडी बघताच तिने भोकाड पसरलं. सिस्टरनी सवयीने मागच्या काकांना हाक मारली.

"का हो सिस्टर, आमच्या नाकाला काय काटे आहेत?" आत्याने विचारलं.

"लहान आहे हो. डोळ्यांत पाणी येतं."

"ते आत्ताही वाहतंच आहे. घरी वहिनी बाळंतीण आहे, कुशीत तान्हं बाळ. आणि ही उठल्यासुटल्या त्याचे पापे घेते. साधं पडसं असेल तर ठीक, पण फ्लू असेल तर मला कळायला नको?"

सिस्टरनी काडी पुन्हा उचलली. पोरगी आत्याच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "आधी तुझं."

एक जादा काडी आत्याच्या नाकात गेली. आत्या अशी सटासट शिंकली की काकांनी वर्तमानपत्राची ढाल केली. पोरगी रडता रडता हसली, आणि तेवढ्यात सिस्टरनी काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. पोरीला फ्लू होता. सिस्टरनी लगेच आत्याला कळवलं, "बाळाला जपा. हिला बरी होईपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा." काही आठवड्यांनी आणखी एक फोन आला. पोरीच्या काडीवरचा विषाणू नव्या चेहऱ्याचा निघाला. तो मुलांमुलांतच फिरत होता, म्हणून इतके दिवस नजरेतून सुटला होता. "आता मुलांनाही वगळू नका," मॅडम म्हणाल्या. सिस्टरनी नंतर खरंच कुणाला वगळलं नाही.

आता माझं झाकण नीट बसत नाही, गारवा टिकत नाही. माझ्या जागी नवी पेटी आलीय. जरा मिजासखोर आहे, पण कामाला चोख. मला उपडी करून तपासणीच्या खुर्चीपुढे ठेवलंय, मुलांना चढायला पायरी म्हणून. पाठीवर चिखलाचे बूट पडतात, पण गप्पा पहिल्यासारख्याच ऐकू येतात.

तुम्हाला एवढंच सांगते, खोकताना तोंड झाका, आणि काडीला नाक मुरडू नका. क्षणभराचं तर काम.

परवा ती आत्या परत आली. सोबत तीच पोरगी, आणि तिचं बोट धरून शेंबडा भाऊ. त्या आजारपणात सुखरूप राहिलेलं तेच बाळ, आता चांगलं चालतंय. काडी बघून त्याने ओठ काढले.

"आधी आत्याचं करतात," ताई त्याच्या कानात म्हणाली. "बघ, गंमत येते."

आत्याने कपाळावर हात मारला आणि नाक पुढे केलं. धाकट्याने एक पाय माझ्या पाठीवर ठेवला, मग दुसरा. अंगाने अगदी भरलेला आहे हो. मला बरं वाटलं.