डाव्या हाताची बास्केट

आखातात मआमीरला इलेक्ट्रिशियन असलेला रेवत शुक्रवारी ईसा टाउनला मित्राकडे जेवायला गेला. तिथे आलेल्या तक्षशीला वासनिकांना त्याने लगेच ओळखलं. वीस वर्षांपूर्वी नागपूरला त्या कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळायच्या आणि रेवत प्रॅक्टिकल बुडवून त्यांच्या मॅच बघायचा.

"मॅडम, फायनलला तुम्ही डाव्या हाताने बास्केट टाकली होती!"

"उजवं मनगट मुरगळलं होतं ना," त्या हसल्या. "पण हरलोच आपण."

"हरलो होतो? मला तर ती बास्केटच आठवते."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने मोबाइल खाली ठेवला. "मम्मी, यू प्लेड?"

तक्षशीलाताई रेवतला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हिला. माझं खरं वाटायचं नाही."

रेवतने ताट बाजूला सारलं आणि पहिल्या मॅचपासून सुरुवात केली.